फिश टँक आणि घरातली जंतुनाशकं: या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक म्हणजे फरशी पुसायच्या बादलीतून टँकचं पाणी बदलणं. बादली विसळली, वास गेला, फेसही नाही, म्हणून ती स्वच्छ वाटते. पण फरशीच्या बऱ्याच जंतुनाशक लिक्विडमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. त्याच्या रेणूवर धन भार असतो, त्यामुळे ते प्लास्टिकला आणि काचेला धरून राहतं. पेशींचं आवरण ऋण भाराचं, जंतूंचंही आणि माशाच्या कल्ल्यांचंही. जंतूची पेशी फाडणारं रसायन कल्ल्याची पेशी सोडत नाही.

कल्ल्याच्या पापुद्र्यात रक्त आणि पाणी यांमध्ये काही मायक्रॉनचंच अंतर असतं. तिथूनच प्राणवायू आत येतो, अमोनिया बाहेर जातो. पेशींना इजा झाली की पापुद्रा सुजतो, वरचा थर सुटतो. मासा बचावासाठी चिकट स्राव सोडतो आणि त्यानेच श्वास आणखी कोंडतो. एअर पंप चालू असूनही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, ते यामुळे.

‘पाणी रात्रभर ठेवलं की सगळं उडून जातं’ हा समजही महागात पडतो. उडतं ते फक्त क्लोरीन. अँटी-क्लोरीनचे थेंबही, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनपुरतेच कामाचे.

पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या अँटीसेप्टिकने टँक पुसू नका. त्यात बहुधा ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल असतं. २×१×१ फुटी टँकमध्ये ५६ लिटर पाणी मावतं, त्यात १ मिलि लिक्विड गेलं तर लिटरमागे ०.८५ मिलिग्रॅम झालं. माशांसाठी हे फार आहे. तुलनेसाठी काही अँटीबॅक्टेरियल साबणांतलं जंतुनाशक ट्रायक्लोसान बघा: फॅटहेड मिनो जातीचे निम्मे मासे लिटरमागे सुमारे ०.२६ मिलिग्रॅमला ९६ तासांत मरतात. ट्रायक्लोसान पेशीतल्या मायटोकाँड्रियाची ऊर्जानिर्मिती बिघडवतं. पाण्याचा पीएच कमी असेल तेव्हा ते पेशीत जास्त शिरतं. म्हणून टँकमध्ये हात घालण्याआधी कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने नीट धुवा. हात धुण्याचा अँटीबॅक्टेरियल साबण त्या दिवशी नको.

मासे धापा टाकताना दिसले की ‘इन्फेक्शन’ समजून अँटीबायोटिक टाकलं जातं. जंतुनाशकाने फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू आधीच मारलेले असतात, उरलेसुरले औषध मारतं आणि दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. त्याऐवजी:

– मासे लगेच त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यात हलवा. दुसरं भांडं नसेल तर टँकमधलं अर्धं पाणी बदला आणि १२ तासांनी पुन्हा बदला.
– फिल्टरमध्ये नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, एअर स्टोन पूर्ण वेगाने चालवा.
– दोन दिवस खाणं बंद ठेवा. आठवडाभर रोज अमोनिया तपासा.

काचेवरचे क्षारांचे डाग रिकाम्या टँकमध्ये पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. रोगराईनंतर रिकामा टँक निर्जंतुक करायचा तर १ भाग बिनवासाचं साधं ब्लीच, १९ भाग पाणी, १० ते १५ मिनिटं. मग भरपूर विसळा, अँटी-क्लोरीनच्या दुप्पट मात्रेचं पाणी फिरवा, पूर्ण वाळू द्या. लाकूड आणि सच्छिद्र दगड ब्लीचमध्ये घालू नका, ते आत शोषतात. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो.

टँकची बादली, मग आणि स्पंज नवेच घ्या, त्यांवर मार्करने ‘मासे’ लिहा आणि मोरीत न ठेवता टँकखालीच ठेवा.