प्लगिन अपडेट केलं आणि साइट बसली: आधी काय, नंतर काय

वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, चालणाऱ्या साइट सांभाळणाऱ्याला ऑफिसात सगळ्यात जास्त छळतं ते एक वाक्य: ‘अपडेटच तर मारायचंय, एक बटण दाबा ना.’ ते बटण दोन कामं करतं, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. जुन्या प्लगिनचं, म्हणजे साइटला जोडलेल्या जादा सोयीचं, फोल्डर काढून त्या जागी नवं ठेवलं जातं, आणि बऱ्याचदा नवं प्लगिन डेटाबेसचे, म्हणजे साइटची माहिती जिथे साठते तिथले, तक्तेही बदलतं. फोल्डर परत जुनं करता येतं. डेटाबेस आपोआप मागे येत नाही. पुढचा सगळा क्रम या एका फरकावर उभा आहे.

अपडेटच्या आधी ‘डब्ल्यूपी-कॉन्टेंट’ फोल्डर आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घ्या आणि तो सर्व्हरवरून उतरवून दुसरीकडे ठेवा. सध्याच्या सगळ्या प्लगिनचे आवृत्ती क्रमांक एका फाइलीत लिहून काढा. कमांड लाइन मिळत असेल तर ‘डब्ल्यूपी प्लगिन लिस्ट’ ही एक ओळ पुरते, नसेल तर प्लगिनच्या पानाचा स्क्रीनशॉट. मग स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या नकलेवर, अपडेट करून पाहा. नकलेची पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) आवृत्ती खऱ्या साइटइतकीच हवी. पीएचपी ८.० मध्ये ‘क्रिएट-फंक्शन’ आणि ‘ईच’ ही जुनी फंक्शनं काढून टाकली गेली, त्यामुळे ७.४ वर सुरळीत चालणारं जुनाट प्लगिन ८ वर थेट कोसळतं. नकलेवरचे ईमेल बंद ठेवा आणि पेमेंट टेस्ट मोडवर टाका. नाहीतर चाचणीच्या ऑर्डरचा मेल नागपूरच्या इतवारीतल्या साडीच्या दुकानाच्या खऱ्या गिऱ्हाइकाला जातो, आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं.

एका वेळी एकच प्लगिन अपडेट करा. सगळ्यांवर टिक करून एकदम अपडेट केल्यावर बिघाड झाला, तर दोषी शोधायला लागणारा वेळ वाचवलेल्या वेळापेक्षा जास्त असतो.

आता साइट खरंच बसली असेल तर.

आधी पडद्यावर काय दिसतंय ते नीट वाचा. ‘नियोजित देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसत असेल, तर अपडेट मध्येच तुटलंय. वर्डप्रेस अपडेटच्या वेळी मुख्य फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी ‘मेंटेनन्स’ नावाची फाइल ठेवतं, ती तशीच राहिलेली असते. दहा मिनिटांनी वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं. घाई असेल तर फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवा आणि ती काढून टाका. त्यानंतर ते प्लगिन पुन्हा बसवा, कारण त्याच्या फाइली अर्धवट उतरलेल्या असू शकतात.

‘क्रिटिकल एरर’चा संदेश असेल तर गोष्ट वेगळी. ५.२ आवृत्तीपासून (२०१९) वर्डप्रेस अशा वेळी साइटच्या अॅडमिन ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक पाठवतं. ती एक दिवस चालते, आणि तिच्यातून आत गेलात की बिघडलेलं प्लगिन फक्त तुमच्यापुरतं थांबलेलं असतं. घोळ होतो तो पत्त्यात. तिथे मालकाचा कधीच न उघडला जाणारा पत्ता असतो, किंवा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा. साइट हातात आली की पहिल्याच दिवशी सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ पानावर हा पत्ता तपासा.

मेल आलाच नाही तर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलीत डीबग आणि डीबग लॉग चालू करा, पण डीबग डिस्प्ले बंद ठेवा, म्हणजे चुका गिऱ्हाइकाला न दिसता फक्त लॉगमध्ये उतरतील. लॉगमधल्या ‘फेटल एरर’च्या ओळीत फाइलीचा पूर्ण पत्ता असतो आणि त्यात ‘प्लगिन्स’ या शब्दानंतर येणारं फोल्डरचं नाव बहुतेक वेळा दोषीचंच असतं. ‘मेमरी एक्झॉस्टेड’ लिहिलेलं असेल तेव्हा मात्र सावध राहा. तिथे दिसतं ते नाव फक्त शेवटची मेमरी मागणाऱ्याचं असतं, खाणारा दुसराच असू शकतो. काम झालं की डीबग बंद करा आणि लॉग पुसा, कारण अनेक सर्व्हरवर ती फाइल ब्राउझरमधून कुणालाही वाचता येते.

दोषी सापडला की फाइल मॅनेजरमधून फक्त त्याच्या फोल्डरचं नाव बदला. साइट लगेच उठते आणि त्याची सेटिंग्ज डेटाबेसमध्ये शाबूत राहतात. ‘डिलीट’ दाबू नका. डिलीट करताना अनेक प्लगिन आपला सगळा डेटा पुसून टाकतात, फॉर्मवर आलेल्या नोंदीसकट.

लॉगमध्ये काहीच नाही आणि तरी एखादं पान वेडंवाकडं वागतंय, अशा वेळी ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ प्लगिनचा ट्रबलशूटिंग मोड वापरा. त्यात सगळी प्लगिन फक्त तुमच्या लॉगिनला बंद दिसतात, गिऱ्हाइकाची साइट चालूच राहते. निम्मी प्लगिन चालू करा, बिघाड पाहा, मग ज्या अर्ध्यात बिघाड आहे त्याचे पुन्हा दोन भाग करा. २४ प्लगिन असली तरी पाच फेऱ्यांत एक नाव उरतं. दोन प्लगिनचं आपसातलं भांडण असेल तर हा हिशेब चुकतो. मग सापडलेलं एक कायम चालू ठेवून उरलेल्यांवर हाच प्रयोग करा.

जुन्या आवृत्तीवर परतायचं तर वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगिन पानावर ‘अॅडव्हान्स्ड व्ह्यू’च्या तळाशी मागच्या आवृत्त्या मिळतात. झिप उतरवून नेहमीसारखी अपलोड केली की असलेल्या प्लगिनच्या जागी ती बसवता येते. डेटाबेसचा बॅकअप परत चढवायचा निर्णय मात्र एकट्याने घेऊ नका. बॅकअप सकाळचा आणि दुकानाच्या साइटवर दुपारपर्यंत ऑर्डर आल्या असतील, तर त्या ऑर्डर जातात. मालकाला विचारा, आणि तेही लेखी.

‘माझ्याकडे तर दिसतंय’ या वादाचं मूळ जवळपास नेहमी कॅशमध्ये, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रतींत, असतं. लॉगिन केलेल्याला सहसा ताजं पान मिळतं, बाहेरच्याला साठवलेलं. तपासणी खासगी विंडोत करा. फॉर्म अधूनमधून ‘सबमिट’ होत नसेल तर कॅशची मुदत पाहा: फॉर्ममधली सुरक्षेची खूण, जिला नॉन्स म्हणतात, जास्तीत जास्त २४ तास चालते आणि १२ तासांनंतर कधीही संपू शकते. मुदत १० तासांवर ठेवली की ही तक्रार थांबते. कार्ट आणि चेकआउटची पानं कॅशमध्ये कधीच नकोत.

मराठी साइटचा एक खास त्रास आहे, आणि प्लगिनला उगाच शिव्या बसतात. वर्डप्रेस पानाचा पत्ता २०० अक्षरांत कापतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरं खातं. म्हणजे बावीस चिन्हांत कोटा संपला. ‘नागपुरातील संत्र्यांची घाऊक बाजारपेठ’ या शीर्षकाचा पत्ता ‘नागपुरातील-संत्र्यांची-घ’ इथेच तुटतो. प्रकाशित करण्याआधी रोमन अक्षरांत छोटा पत्ता हाताने लिहा. लेखाचा पत्ता नंतर बदलला तर वर्डप्रेस स्वतःच जुन्यावरून नव्यावर नेतं, ‘पेज’साठी मात्र रीडायरेक्ट स्वतः लावावा लागतो.

राहिलं ऑफिस. चिडचिड कमी करायची तर बोलणं लिखाणात आणा. ‘होईल सर’ ऐवजी असं लिहा: ‘सर, आज प्लगिन ४.१ वरून ५.० वर जातंय, मोठा बदल आहे. स्टेजिंगवर आज तपासतो, लाइव्ह उद्या सकाळी ११ ला. आजच हवं असेल तर कळवा, पण बिघडल्यास साइट तासभर बंद राहू शकते.’ यात नकार नाही, पण जोखीम कुणी घेतली ते नोंदलेलं राहतं. साइट बसलेली असताना मालकाला दर अर्ध्या तासाने एक ओळ पाठवत राहा, ‘काका, कारण सापडलं, वीस मिनिटं लागतील’ एवढी पुरे. फोन थांबतात आणि डोकं कामात राहतं.

अपडेटची वेळ गिऱ्हाइकाच्या धंद्यावरून ठरवा. बर्डी-रामदासपेठेतल्या हॉटेलांच्या साइटला डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर, मोठा हात लावू नका. कोचिंग क्लासच्या साइटला निकालाच्या आठवड्यात नाही. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्याच नाही. अपवाद एकच: सुरक्षेची भगदाडं बुजवणारं अपडेट. ते बॅकअप घेऊन त्याच दिवशी करा, मग वार कोणताही असो.

विकतच्या प्लगिनचे लायसन्स कुणाच्या ईमेलवर आहेत आणि कधी संपतात, याचा एक तक्ता करून टीम लीडकडे द्या. लायसन्स संपलं की प्लगिन बहुधा चालू राहतं, फक्त अपडेट गुपचूप थांबतात. आठ महिन्यांनी पीएचपी बदलली की ते कोसळतं आणि तेव्हा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो.