चारचौघांत चेहऱ्यावर घाम फुटतो? या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात घाम कुणाला येत नाही? म्हणूनच माझा त्रास कित्येक वर्षं उन्हाच्या नावावर खपून गेला. ही पहिली चूक. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत, अंगात स्वेटर असतानाही कुणी ओळखीचं "काय मालक?" म्हणून समोर आलं की माझ्या कपाळावरून धार लागायची. घरी एकटा असलो की चेहरा कोरडा. माणसं समोर आली की येणारा घाम हा बहुतेक वेळा भीतीचा असतो. भीती वाटली की सिम्पथेटिक नसा, म्हणजे शरीराला आपोआप सावध करणाऱ्या नसा, घामाच्या ग्रंथींना चेतवतात, त्याला ऊन लागत नाही. मात्र झोपेतही घामाने भिजत असाल, वजन उतरत असेल किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला घाम येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

दुसरी चूक नॅपकिनची, आणि माझ्या मते सगळ्यात खोल रुतलेली. टॉवेलच्या गावात खिशातला नॅपकिन कुणाला खटकत नाही. मी दोन ठेवायचो. सतत पुसायचं, पंख्याखालची जागा धरायची, मान खाली घालून बोलायचं. यातून मन एवढंच शिकतं की आज वाचलो ते नॅपकिनमुळे. भीती होती तिथेच राहते. समुपदेशनात मला सांगितलं गेलं, नवी पेठेत जा, नॅपकिन घरी ठेवा, दुकानात चादरीचा भाव विचारा आणि लक्ष आपल्या कपाळाऐवजी दुकानदाराच्या बोलण्यावर ठेवा. पहिल्या दिवशी घाम आलाच. दुकानदार मात्र चादरीची घडी उलगडत राहिला, माझ्याकडे त्याने धड पाहिलंही नाही. हेच पुन्हा पुन्हा केलं, तेव्हा कुठे फरक पडू लागला.

डिओडरंट चेहऱ्याला लावू नका. ते वासासाठी असतं, घाम थांबवत नाही. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध डॉक्टरांनी दिलं, तर लोक ते सकाळी, ओल्या चेहऱ्यावर लावतात आणि आग आग झाली की फेकून देतात. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं आणि सकाळी धुवायचं. डोळ्यांपासून दूर ठेवायचं, दाढी केल्या केल्या लावायचं नाही.

मित्राची गोळी घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. प्रोप्रॅनोलॉल धडधड आणि थरथर कमी करते, पण दमा असलेल्यांना ती धोक्याची. ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या अंगभर घाम कमी करतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शरीर थंडच होऊ शकलं नाही, तर उष्माघाताची भीती. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. चिंतेवरच्या एस्सिटालोप्रॅमसारख्या काही गोळ्यांनी उलट घाम वाढतोही. तसं झालं तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवा.

घाम आणणारी सिम्पथेटिक नस कापण्याच्या ऑपरेशनची घाई नको. चेहरा कोरडा होतो, पण पुष्कळांना पाठीला नि पोटाला जास्त घाम सुटतो, आणि तो कायमचाही राहू शकतो.

त्वचेच्या डॉक्टरांकडे आपण फक्त घामाचं बोलतो, मानसोपचारतज्ज्ञांकडे फक्त भीतीचं. दोघांनाही दोन्ही सांगा. समोरासमोर बोलायला जड जात असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोनवर चेहरा कुणाला दिसत नाही.