जीआर-२० करताय? बॅग गाडीत जाणार म्हणून निवांत राहू नका

गाइडेड ट्रिप घेतली की आपल्याला वाटतं बॅग गाडीतून पुढं जाणार, आपण फक्त चालायचं. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर एवढं सोपं नाही, तिथला जीआर-२० म्हणजे कालेंझाना ते कोंका हा साधारण १८० किमीचा पायी ट्रेल डोंगराच्या माथ्यामाथ्यानं जातो आणि बऱ्याच रेफ्यूजपर्यंत (म्हणजे मुक्कामाच्या डोंगरी निवाऱ्यांपर्यंत) गाडीरस्ताच नाही, त्यामुळे बुक करायच्या आधीच विचारून घ्या की मोठी बॅग कुठल्या मुक्कामी भेटणार आणि कुठं नाही. मधल्या रात्रींचं सगळं पाठीवर, म्हणजे स्लीपिंग बॅगचं लायनर, गरम जॅकेट, रेनकोट, हेडटॉर्च आणि मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून (हा फक्त झोपताना घालायचा, चालताना नाही, कितीही मोह झाला तरी!). थोडे रोख युरो पण असू द्या. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा-पाऊस होऊ शकतो म्हणून निघायचं पहाटे, तेव्हा सॅक रात्रीच भरून ठेवा, नाहीतर अंधारात झिप शोधत बसता आणि अख्खा ग्रुप तुमच्याकडे बघत उभा. गुडघे कुरकुरायला लागले तर लाजू नका, मधोमध विझावोनाला रेल्वे स्टेशन आहे, उत्तरेचा जास्त अवघड भाग तोवर झालेला असतो.