खारट पाण्याच्या गावात न्हाणी-संडासाचं सामान कसं निवडावं

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. बोअरच्या पाण्यानं चकचकीत तोटीवर थोड्याच दिवसांत पांढरा थर धरतो आणि शॉवरची भोकं बुजतात. म्हणून दुकानात जाण्याआधी घरचं पाणी बघा.

आधी टाकीची उंची मोजा. टाकीचा तळ शॉवरच्या किती वर आहे ते टेपनं बघा. दर मीटरला सुमारे ०.१ बार दाब मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवर थेट ठेवलेली टाकी शॉवरला जेमतेम दीड मीटरचा दाब देते. मोठ्या चकतीच्या शॉवरला आणि गरम-थंड मिक्सरला तो पुरत नाही. एकतर टाकी लोखंडी स्टँडवर चढवा, नाहीतर बादली-लोट्याची सोय नीट करा. बंबाचं पाणी वापरणाऱ्या घराला मिक्सरची गरजही नाही.

मग संडासाचं भांडं ठरवा. उन्हाळ्यात पाणी आठवड्यानं येत असेल, तर जास्त उताराचं ग्रामीण भांडं घ्या. त्याचा उतार २५ ते २८ अंश असतो आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत, पाणी २० मिलिमीटरच अडतं, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. शहरी बनावटीच्या साध्या देशी भांड्याला याहून बरंच जास्त पाणी ओतावं लागतं. शोषखड्डे दोन असू द्या, एक भरला की दुसरा सुरू करायचा. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर वाळू भरून घ्या. न्हाणीचं पाणी त्यात मुळीच सोडू नका.

घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर कमोड हवाच, त्यात काटकसर करू नये. कमोड दोन प्रकारचे: पी-ट्रॅपचा पाइप मागे भिंतीत जातो, एस-ट्रॅपचा खाली जमिनीत. एस-ट्रॅपमध्ये भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, बहुतेक ४, ९ किंवा १२ इंच. आईसाठी कमोड आणला तेव्हा मिस्त्रीनं ९ इंच मोजले खरे, पण उघड्या विटेपासून. प्लास्टर आणि टाइल्स लागल्यावर इंचाहून जास्त अंतर कमी झालं, भांडं बसेना, आणि नवी फरशी फोडावी लागली. आई तेवढे दिवस शेजारी जात होती, ते अजून मनाला लागतं. अंतर नेहमी टाइल्सच्या तोंडापासून धरा आणि भोक सोडण्याआधी कमोड घरात आणून ठेवा.

तोटी निवडताना नुसत्या चकाकीकडे जाऊ नका. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या तोटीत चिनीमातीच्या चकत्या असतात. त्यांत क्षार बसला की चावी जड होते आणि सगळा गाभाच बदलावा लागतो. जुन्या आट्याच्या तोटीचा वायसर स्वस्तात मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो. न्हाणीला मी पीटीएमटी प्लॅस्टिकची तोटी लावते, ती गंजत नाही. सगळ्यांचा आटा बहुधा अर्ध्या इंचाचाच असतो. टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्याचं तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ताणून फिरवा. उलटी गुंडाळली तर तोटी आवळताना टेप सुटून येते. वॉशबेसिन आणि कमोडच्या टाकीखाली अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच नळीचं पाणी बंद करणारी छोटी चावी, बसवा, म्हणजे एक वस्तू बिघडली तर घरभर पाणी बंद करावं लागत नाही.

पांढरा थर आला तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासा. ॲसिड नको, मुलामा जातो.

शेवटी न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचा ट्रॅप. फरशीचा उतार त्याच्याकडे आहे का, ते तांब्याभर पाणी ओतून मिस्त्रीसमोरच बघा. ट्रॅपमधलं अडलेलं पाणी खालचा वास वर येऊ देत नाही. मे महिन्याच्या उन्हात, घर बंद असताना, ते आटून जातं. गावाहून परत आलात आणि न्हाणीत वास आला, तर आधी दोन तांबे पाणी ओतून बघा.