स्किलच्या आकड्यांची गमतीची पट्टी लिहिताय? या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात दर रविवारी आम्ही फासे घेऊन रोल-प्लेइंग गेम खेळायला बसतो, म्हणजे प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होऊन खेळतो. नव्या खेळाडूला कॅरेक्टर शीटवरचे, म्हणजे पात्राची स्किल लिहिलेल्या कागदावरचे, आकडे पटकन कळावेत म्हणून आम्ही प्रत्येक स्किलची गमतीची पट्टी केली आहे. ‘पोहणे 20 : मासुंदा तलावात बोटीत बसायला घाबरत नाही’, अशी. नवा माणूस हसतो आणि आकडा लक्षात ठेवतो.

सगळ्यात महागात पडते ती टक्क्यांना मार्कशीट समजण्याची चूक. ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयकथांच्या खेळात 1981 पासून स्किल टक्क्यांत मोजतात, म्हणजे काम जमण्याची तेवढे टक्के संधी. आपल्याकडे 35 ला पास आणि 75 ला डिस्टिंक्शन, त्यामुळे 50 दिसलं की ‘जेमतेम’ वाटतं. आम्हीही लिहिलं होतं, ‘ड्रायव्हिंग 50 : क्लचवरचा पाय निघत नाही.’ एकाला मुरलेला रिक्षावाला खेळायचा होता. ते वाचून त्याने ड्रायव्हिंगला 90 दिले आणि बाकी स्किलना पॉइंटच उरले नाहीत. या खेळात 50 म्हणजे त्या कामावर पोट भरणारा माणूस. आता आमच्या पट्टीत आहे, ‘50 : भर पावसात घोडबंदर रोडला रिक्षा मारतो, घर त्यावरच चालतं.’

मग 50 टक्केच संधी असलेला तो रिक्षाच्या दर दुसऱ्या फेरीला धडकत कसा नाही? कारण साध्या फेरीला फासा टाकायचाच नसतो. ब्रेक गेला, मागे कोणी लागलं, तरच टाका. हे पाळलं नाही तर पट्टी कितीही छान लिहा, खोटीच पडते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत स्किलचा आकडा फाशाच्या आकड्यात मिळवतात; तिथे +5 ला उस्ताद म्हणू नका. एकूण 15 लागणाऱ्या आव्हानाला त्याला वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा जास्त लागतात, म्हणजे 55 टक्के संधी. काहीच न येणाऱ्या +0 वाल्यालाही 30 टक्के असते. म्हणून ‘कुलूप +5 : लॅच लागून बाहेर अडकलेल्या काकूंना घरात घेतो, बँकेची तिजोरी अजून लांब आहे.’

आणि विनोद आकड्यावर करा, खेळाडूवर नाही. ‘मन वळवणे 10’ समोर कुणीतरी एका लाजाळू मुलीचं नाव लिहिलं. ती तासभर गप्प बसली. पुढच्या रविवारी तिनेच त्यावर व्हाइटनर मारून लिहिलं, ‘भाजीवाल्याकडून फुकटची कोथिंबीरही सुटत नाही.’ ती ओळ आता सगळ्यांना पाठ आहे.