फ्रीबीएसडी सोर्समधून अपग्रेड करताय? आधी चालू कर्नलची प्रत ठेवा

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम सोर्स कोडमधून बांधताना बिल्डवर्ल्ड (कर्नल सोडून बाकीची मूळ सिस्टीम बांधणं), बिल्डकर्नल (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, तो बांधणं), मग इन्स्टॉलकर्नल, रीबूट आणि शेवटी इन्स्टॉलवर्ल्ड हा क्रम मोडू नका. नवा कर्नल जुन्या प्रोग्रॅमना सांभाळून घेतो, उलट मात्र खात्री नाही.

इन्स्टॉलकर्नल चालू कर्नलची डिरेक्टरी /बूट/कर्नल.ओल्ड या नावाने बाजूला ठेवतं. म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण नव्या कर्नलवर बूट केलंत, किरकोळ बदल करून पुन्हा इन्स्टॉल केलंत, की ‘ओल्ड’मध्ये तो अर्धवट तपासलेला कर्नलच जातो आणि खात्रीचा पुसला जातो. तेव्हा सुरुवातीलाच /बूट/कर्नल ही डिरेक्टरी ‘सीपी -आरपी’ने /बूट/कर्नल.गुड अशी कॉपी करा. मॉड्यूल्सही (कर्नलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे भाग) त्यातच येतात. मशीन अडलं तर लोडरच्या (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रॉम्प्टवर ‘बूट कर्नल.गुड’ टाइप करायचं, बस्स.

पोर्ट्समधून (फ्रीबीएसडीसाठीच्या इतर सॉफ्टवेअरच्या संग्रहातून) घेतलेले ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र /बूट/मॉड्यूल्समध्ये असतात. मोठ्या आवृत्तीबदलात ते नव्याने बांधावे लागतात. काळ्या स्क्रीनचा दोष उगाच कर्नलच्या माथी मारू नका.

सर्व्हर दूर असेल तर कन्सोलची (बूट होतानाही मशीन दुरून हाताळण्याची) सोय झाल्याशिवाय रीबूटला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत.