हीट पंप बसवताना खर्चाचा हिशेब

इंग्लंडमध्ये गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर आणि पाणी गरम करणारं विजेवरचं यंत्र) लावायचा असेल, तर कोटेशनच्या शेवटच्या आकड्याकडे आधी पाहूच नका. आधी घराचा हीट लॉस सर्व्हे मागा, म्हणजे कुठून किती उष्णता बाहेर जाते त्याची मोजणी, खोलीनिहाय. तो न करता फोनवरच किंमत सांगणाऱ्याला आमच्या ह्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

रेडिंगच्या आमच्या तीन बेडरूमच्या घराला साधारण १३,००० पौंड सांगितले. बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी अनुदानाचे ७,५०० वजा जाऊन खिशातून ५,५००. हे अनुदान इंग्लंड-वेल्समध्ये मिळतं. अर्ज इन्स्टॉलरच करतो, रक्कम बिलातूनच कमी होते. मात्र तो इन्स्टॉलर एमसीएस (अशा यंत्रांसाठीची इथली प्रमाणन योजना) प्रमाणित हवा. मार्च २०२७ पर्यंत व्हॅटही शून्य आहे.

खरा पैसा यंत्राच्या भोवतीच्या कामात जातो. हीट पंपात रेडिएटरमधलं पाणी बॉयलरपेक्षा कमी, ४५-५० अंशांवरच फिरतं, म्हणून काही रेडिएटर मोठे लागतात. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा) असेल तर गरम पाण्याची टाकीही नवी घ्यावी लागते. आमच्याकडे तिच्यासाठी सासूबाईंच्या पापड-कुरडयांच्या डब्यांचं कपाट गेलं. (तो वाद अजून मिटलेला नाही.) रेडिएटर, टाकी, वायरिंग, जुना बॉयलर काढणं, सगळं कोटेशनमध्ये वेगवेगळं लिहून घ्या.

चालवण्याचा खर्चही विचारा. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते खरी, पण इथे वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग. म्हणून वर्षभराची सरासरी कार्यक्षमता लेखी मागा आणि हीट पंपासाठीचा वेगळा वीजदर शोधा. गॅसवर स्वयंपाक करत नसाल तर गॅसचा मीटरच काढून टाका, रोजचा स्थिर आकार वाचतो. फोडणी मात्र इंडक्शनवर शिकावी लागेल.